चौथा उसासा

आम्ही राहायचो ती खोली मुळात घोड्यांची होती. भिंतीत कमरेच्या उंचीवर लोखंडी कड्या होत्या, त्यांना पूर्वी घोडे बांधत. आई एका कडीला कंदील अडकवायची, एकीला माझं दप्तर, आणि दाराजवळच्या कडीला दादांची टोपी असायची. वडिलांना मी दादा म्हणत असे. पागेच्या त्या दोन खोल्यांत पावसाळ्यात ओल यायची आणि ओल आली की एवढ्या वर्षांनंतरही घोड्यांचा वास सुटायचा. माझ्या मैत्रिणींना तो यायचा, मला कधी आला नाही. पहाटे लष्कराच्या हद्दीतून बिगुल ऐकू यायचा, मागोमाग मोर ओरडायचे, आणि त्यानंतर आईचा भाकरी थापल्याचा आवाज. मी अंथरुणात पडूनच भाकऱ्या मोजायची. सहा झाल्या की उठायचं. थंडीत हुलग्याचं माडगं असायचं, वर कच्चं तेल. आठवड्यातून एकदा भिंगारच्या बाजारातून सुकट यायची, त्या दिवशी आई दार लावून घ्यायची, कारण महालातल्या ऑफिसपर्यंत वास जायला नको.

भिंगारच्या पुढे, छावणीची वस्ती संपते तिथून आत वळलं की हौदबाग लागायची. कुणा जुन्या सरदाराची ती बाग. मधोमध दुमजली महाल, त्याच्यापुढे मोठा हौद, हौदात कारंजं, भोवती चिंचा आणि आंबे. सरदाराच्या वारसांनी ती एका ट्रस्टला दिली आणि ट्रस्टनं महालात म्युझियम उघडलं. तलवारी, एक पालखी, चिनी मातीच्या बरण्या, सरदारीणबाईंचे कसर लागलेले शालू. दादा तिथे माळी होते. कागदावर माळी एवढंच होतं, पण त्यांचं खरं काम पाण्याचं. डोंगराच्या पायथ्याला एक विहीर होती, तिच्यापासून हौदापर्यंत जमिनीखालून भाजक्या मातीचे नळ घातलेले होते. खापरी नळ म्हणत त्यांना. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारानं पाणी यायचं आणि कारंज्यातून पुरुषभर उंच उडायचं. वाटेत पाच ठिकाणी नळांवर विहिरीसारखी दगडी तोंडं बांधली होती, दोन पुरुष खोल. हवा सुटायला आणि आत उतरून गाळ काढायला. त्या तोंडांशी उभं राहिलं की खालून गार वारा यायचा, कुणीतरी दमून श्वास सोडावा तसा. आमच्याकडे त्यांना उसासे म्हणत. पहिला उसासा, दुसरा उसासा, असे पाच.

माझे आजोबा याच उसाशांत उतरून गाळ काढायचे. त्यांनी मोकळं केलेलं पाणी हौदात पोचलं की त्याला हात लावायची मात्र त्यांना परवानगी नव्हती. प्यायचं पाणी घरून मडक्यात आणायचं आणि चिंचेखाली लांब बसून प्यायचं. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते काम सोडलं ते सोडलंच. दादांनी ते पुन्हा धरलं. आईला ते कधी पटलं नाही. "मामंजींनी उतरून टाकलं, ते ह्यांनी आपल्या हातानं गळ्यात घातलं," असं ती मला ऐकू जाईल इतपत म्हणायची. दादा हसायचे. पाणी सोडायची किल्ली, हातभर लांबीची, त्यांच्या कमरेला असायची. तिच्यावर हात ठेवून म्हणायचे, "तवा आपल्याला शिवू देत न्हवते. आता मी सोडल्याबिगर कुनाला मिळत न्हाई." त्या वाक्यात केवढा अभिमान होता हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, आणि तो कशा रीतीनं मोडला हेही माहीत आहे.

मी अकरावीत गेले त्या वर्षी ट्रस्टनं नीलिमा मॅडमना नेमलं. त्याआधी म्युझियममध्ये रविवारी जवानांची कुटुंबं यायची, तलवारी बघून चिंचा वेचून जायची, बाकीचे दिवस कबुतरं. नीलिमा मॅडम पुण्याच्या. सुती साड्या, खांद्यापर्यंत कापलेले केस, बोलताना समोरच्याचा दंड धरायची सवय. त्यांच्याकडे शाळांसाठीचे कार्यक्रम होते. महिन्याभरात त्यांनी घोड्यांच्या दाण्याची कोठी रिकामी करून तिथे सतरंज्या घातल्या, पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र आणलं, मोडी वाचायचा वर्ग सुरू केला. मुलांच्या हातात जुनी वस्तू द्यायची आणि ही कशाची असेल ते सांगा म्हणायचं, असाही एक तास असे. अडकित्ता बघून एक पोरगा म्हणाला होता, उंदीर पकडायचा. मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. पागेतल्या आमच्या खोलीत त्या सरळ येऊन पाटावर बसत, आईच्या हातचा चहा घेत आणि कप स्वतः विसळून ठेवत. आईला याचं फार नवल वाटे. "बाई मनानं चांगली हाय," ती म्हणायची, आणि तिच्या तोंडून कुणाबद्दल असं सहसा निघत नसे.

एक दिवस मॅडमनी दादांना दुसऱ्या उसाशात आरशानं ऊन टाकताना पाहिलं. आत गाळ किती साचला ते बघायची ती त्यांची रीत होती. उन्हाचा कवडसा खाली पडायचा आणि दोन पुरुष खोलीवर पाणी लखलखत वाहताना दिसायचं. मॅडम वाकून बघत राहिल्या, मग त्यांनी दादांचा दंड धरला. "मामा, हे मुलांना दाखवाल? तुम्हीच दाखवायचं, तुम्हीच सांगायचं." दादा चारचौघांत बोलायचे नाहीत. पहिल्या शाळेपुढे ते जमिनीकडे बघून बोलले. तिसऱ्या शाळेपर्यंत त्यांना गंमत वाटू लागली. "हे बगा पोरांनो, पानी चढत न्हाई, पानी उतरतं. ज्यानं हे नळ घातले त्याला पान्याचा सोभाव ठावं हुता. आपन त्याच्याशी भांडायचं न्हाई, त्याच्या संगं चालायचं." विहिरीपासून हौदापर्यंत मुलांना पायी न्यायचं, पाचही उसासे दाखवायचे आणि शेवटी कारंजं सोडायचं. मॅडमनी त्याला नाव दिलं, पाण्याची वाट. शाळाशाळांतून त्याचीच मागणी येऊ लागली. मास्तर लोक दादांना 'मामा' म्हणत, त्यांच्याशी हात मिळवत. दादांनी टोपी बदलली. रोज दाढी करू लागले.

माझं अक्षर चांगलं होतं म्हणून पाट्या मी लिहायची. रांगेच्या शेवटी चालायचं कामही माझं. पुढे दादा, मध्ये मॅडम आणि मास्तर, आणि सगळ्यांत मागे मी. मागे कुणी राहत नाही ना बघायचं, प्रत्येक उसाशापाशी मुलं मोजायची. मॅडम मला 'आमची शेपटी' म्हणायच्या. मला कॉलेजात कुणी नावानं हाक मारत नव्हतं, इथे मात्र छातीवर बिल्ला होता.

उसाशांवर लाकडी फळ्या टाकलेल्या असत, वर दगड. दादांना त्या पसंत नव्हत्या. "फळी उचलायला दोन मानसं लागत्यात, आन पोरं येनार मग ती घडी घडी काढावी लागनार. लोखंडी जाळी पायजे. जाळीतनं आरसाबी दाखवता यील." त्यांनी सांगितलं तसा अर्ज मी लिहिला, पाचही उसाशांची मापं घालून, आणि त्यांनी खाली सही केली. ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला. "अक्षर छान आहे," म्हणाले. "पण लोखंड आलं की जुनेपण जातं रे. मीटिंगला ठेवू."

हिवाळ्यात मोठा कार्यक्रम ठरला. प्रमुख पाहुणे येणार होते, पेपरचा फोटोग्राफर येणार होता, आणि देवळाली प्रवराकडच्या एका खेड्यातली चाळीसेक मुलं-मुली येणार होती, तिसरी-चौथीतली. मी गुलाबी पंजाबी ड्रेस घातला होता, आयुष्यातला पहिला. आईनं पहाटेपासून चिंचेखाली तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या. मसालेभात आणि शिरा. बाहेरगावची शाळा आमच्या हातचं जेवेल का, असं तिनं मॅडमना आदल्या दिवशी विचारलं होतं, आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "जेवेल, न जेवायला काय झालं?" त्यामुळे आई जरा धास्तावलेली आणि जरा खुशीत होती. मुलं आली ती धुळीनं माखलेली, उसाच्या ट्रॅक्टरमागून आल्यासारखी. त्यांच्यातलं एकही तोंड मला आज आठवत नाही. मी मोजत होते. मोजणाऱ्याला तोंडं दिसत नाहीत.

चौथा उसासा हौदापासून थोडा मागे, निलगिरीच्या आडोशाला होता. तिथे दादांनी शिपायाला हाताशी घेऊन फळी बाजूला केली, आरसा दाखवला. मुलं ओरडली, एकमेकांना ढकलत पोटावर झोपून बघू लागली. एवढ्यात ऑफिसातला दुसरा माणूस पळत आला. पाहुण्यांची गाडी फाटकात आली होती, साहेबांनी सांगितलंय, आधी कारंजं सुरू करा, ते उतरताना पाणी उडायला पाहिजे. शिपायालाही त्यानं खुर्च्या उचलायला नेलं. दादांनी एकट्यानं फळी ओढून पाहिली, ती दगडात अडकली. मुलांना घेऊन मॅडम आणि मास्तर हौदाकडे निघालेच होते. दादा माझ्याजवळ आले. "सुजी, तू हितनं हलू नको. मी पानी सोडून आलोच. कुनाला फिरकू देऊ नको."

मी उभी राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. आयुष्यभर मी तो वेळ लांबवून पाहिला आहे, आखडून पाहिला आहे. फार तर पाच मिनिटं असतील. हौदाकडून टाळ्या ऐकू आल्या, कारंजं उडालेलं झाडांमधून दिसलं. मग निलगिरीच्या पलीकडून नीलिमा मॅडमचा आवाज आला. "सुजाता! अगं ये ना लवकर, फोटोग्राफर थांबलाय. तू नसलीस तर फोटो कसला?" मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. खरंच कुणी नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगू शकते, पण ती शपथ मला कुणी कधी घातली नाही. मी ओढणी सारखी केली आणि पळत गेले.

मॅडमनी मला पहिल्या रांगेत ओढलं. पाहुणे मध्ये, सेक्रेटरीसाहेब, मास्तर, पायाशी मुलं. फोटोग्राफर म्हणाला, कारंजं मागे यायला पाहिजे, थोडं सरका. आम्ही सरकलो. तेवढ्यात मागचा पाण्याचा आवाज बदलला. मी वळून पाहिलं. उंच उडणारी धार खाली बसत चालली होती, कमरेएवढी, गुडघ्याएवढी. पाहुणे हसून म्हणाले, "तुमचं पाणी संपलं वाटतं." सगळे हसले. हौदाच्या मागे किल्ली फिरवायचा खड्डा होता, त्यातून दादा वर आले, त्यांनी धारेकडे पाहिलं, आणि हातातली किल्ली तिथेच टाकून धावत सुटले. नळात काहीतरी अडकलंय हे त्यांना कळलं होतं. माझ्यासमोरून जाताना त्यांनी मला पाहिलं. मी तिथे, फोटोत, उभी आहे हे पाहिलं. एक क्षणभरच, पाय थांबले नाहीत. पण ते तोंड मी पुढे कितीदा पाहिलं असेल. ते माझ्यावर रागावलेलं नव्हतं. काय झालं असणार हे त्यांना माझ्याकडे बघूनच समजलं होतं, एवढंच त्यात होतं.

दादा कपड्यांनिशी चौथ्या उसाशात उतरले. एका मुलीला खांद्यावर घेऊन पायऱ्यांच्या खोबणी धरत वर आले. तिच्या फ्रॉकमधून पाणी गळत होतं, दादांच्या मानेवरून खाली येत होतं. डोकं दगडाला लागलं होतं. मास्तर पुढे झाले, तिचं नाव घेतलं आणि मटकन खाली बसले. सारिका. चौथीतली. पाणी पुन्हा बघायला ती परत आली असावी, असं नंतर सगळे म्हणत. पाहुण्यांच्याच गाडीतून तिला सिव्हिलला नेलं. नेण्यात आता काही अर्थ नाही हे तिथे प्रत्येकाला दिसत होतं, तरी गाडी फार जोरात गेली. त्या क्षणी दुसरं काय करायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. बाकीची मुलं चिंचेखाली रांगेत बसवलेली होती. काही रडत होती, काहींना नीट कळलं नव्हतं. एक छोटी पोरगी आईला म्हणाली, "मावशी, भूक लागली." आईनं पत्रावळी मांडल्या. सगळ्यांना भात वाढला. मुलं जेवली. आई मागे उभी राहून पदर तोंडात धरून होती.

संध्याकाळच्या आत ऑफिसात फौजदारांनी सगळ्यांना बोलावलं. मी बाहेर खिडकीपाशी उभी होते, कुणी मला आत बोलावलं नाही. फौजदारांनी विचारलं, "फळी काढून ठेवली, मग तिथे राखणीला कुणाला बसवलं होतं?"

दादा हात बांधून उभे होते, अंगावर तेच ओले कपडे. "न्हाई साहेब. कुनाला बसवलं न्हवतं."

"कुणालाच नाही?"

"न्हाई. घाईत तसाच गेलो. चूक माजी."

नीलिमा मॅडम भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली होती. मी कुठून आले हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आमची नजरानजर झाली, आणि मग त्या मांडीवरच्या हातांकडे बघू लागल्या. मग जाळीच्या अर्जाचा विषय निघाला. शिपायानं काढला, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं काढला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, असा अर्ज आल्याचं आठवत नाही. फाईल आणली, त्यात नव्हता. फौजदारांनी दादांना विचारलं, "दिला होता का अर्ज? कुणी लिहिला होता?" दादांनी नुसतं एवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं, पोरीनं लिहिला, तिला विचारा. मला मापं पाठ होती. मी शब्दन् शब्द सांगितला असता. पण मला आत बोलावलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता हे त्यांनी ओळखलं असणार. दादा म्हणाले, "न्हाई साहेब. तोंडीच बोललो आसन कवातरी."

ते घरी आल्यावर आईला म्हणाले, "सुजी समद्यांच्या संगं हौदापाशी हुती. कुनी इचारलं तर ध्येनात ठिव." आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. मी म्हणाले, "दादा, मी तिथून..." त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "जेव," म्हणाले. त्या विषयावर दादा माझ्याशी बोलले तो हा एकुलता एक शब्द.

आठवड्याच्या आत पागा सोडावी लागली. भिंगारमध्ये एका गल्लीत खोली मिळाली, तिला खिडकी नव्हती. दादा हंगामात राहुरीकडच्या साखर कारखान्यावर बॉयलरची राख काढायला जाऊ लागले, उरलेल्या दिवसांत मिळेल ते ओझं. दादांवरची केस काही वर्षं चालली आणि ते सुटले, पण सुटल्याचं घरात कुणी बोललं नाही. नळाला पाणी आलं की आई किंवा मी भरायची. दादा भांड्याला हात लावत नसत. एकदा मी कॉलेजातून आले तर हंडा भरून वाहत होता आणि दादा दोन हातांच्या अंतरावर बसून नुसते बघत होते. हौदबागेतले कार्यक्रम वर्षभर बंद होते, मग पुन्हा सुरू झाले. पाचही उसाशांवर लोखंडी जाळ्या बसल्या होत्या असं मला कुणीतरी सांगितलं. मी बघायला गेले नाही.

नीलिमा मॅडम त्याच उन्हाळ्यात पुण्याला परत गेल्या. बारावी झाल्यावर त्यांचं पत्र आलं. तिथल्या डी.एड. कॉलेजमध्ये माझ्यासाठी शब्द टाकला होता, वसतिगृहाचीही सोय केली होती. मी गेले. त्या अधूनमधून वसतिगृहावर यायच्या, पुस्तकं आणायच्या, माझा दंड धरून चौकशी करायच्या. आम्ही दोघींनी तो विषय कधी काढला नाही. मी त्यांच्यावर रागवायचा पुष्कळ प्रयत्न केला, अजूनही कधी करते. पण त्यांनी मला नुसती हाक मारली होती. पळाले ते माझे पाय होते. मी मास्तरीण झाले, तीस वर्षं होत आली. सहलीला मी कधी गेले नाही. दरवर्षी काही ना काही कारण सांगितलं, शेवटी मुख्याध्यापकांनी विचारणंच सोडलं.

दादा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी सारिकाच्या गावी गेले. जिवंत असेपर्यंत ते मला जाऊ देणार नाहीत असं वाटायचं. देवळालीला एस.टी.तून उतरून रिक्षानं. दोन्ही बाजूंना ऊस, मधून कालव्याच्या चारीचं पाणी. घर सापडायला वेळ लागला नाही, गावात नाव सांगितल्यावर लोक जरा गप्प होऊन बोट दाखवत. सारिकाची आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सत्तरीच्या आसपासची, बारीक, कानात फुलं. मी कुणाची मुलगी ते सांगितलं. त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि हातानं जागा झाडली.

"तुमचे वडील आल्ते," त्या म्हणाल्या. "वरीस व्हायच्या आतच. हितंच बसले हुते. आमच्या मालकानं आधी घालवून दिलं, मग मीच हाक मारून बशिवलं." दादा तिथे आले होते हे मला माहीत नव्हतं. आईलाही नसावं.

मला वाटलं, आता बोलले नाही तर मी कधीच बोलणार नाही. मी सगळं सांगितलं. फळी, आरसा, दादा मला काय सांगून गेले, मॅडमची हाक, फोटो. राखणीला मी होते, दादा नव्हते. "ते खोटं बोलले. माझ्यासाठी. ते पुढे होते, मी मागे होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागे मीच होते."

त्या शेंगा फोडायच्या थांबल्या. मी रागाची वाट बघत होते. मला तो हवा होता, हे आता मी मान्य करते. त्याच्यासाठीच मी एवढ्या लांब आले होते. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता. काहीतरी चुकतंय, जुळत नाहीये, तसं बघत होत्या.

"पर ते म्हनले हुते," त्या हळू म्हणाल्या, "का सारी दमली हुती, समद्यांच्या मागं पडलीती. म्हनून त्यांनी तिचा हात धरला आन मागं तिच्या संगं चालले. शेवटपतुर. म्हनले, तिनं इचारलं, हे पानी आमच्या प्रवरंला भेटतं का? ते म्हनले, व्हय बाळा, भेटतं. मग ती खूश झाली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी मागं हुता म्हंता. मंग माझ्या सारीचा हात कुनी धरला हुता?"

मागे मी होते. पाच उसाशांपैकी चार मी मोजत चालले होते. दादा पुढे होते, बगलेत आरसा, हातात काठी. कुणाचा हात धरायला त्यांचा हात रिकामाच नव्हता. मी कुणाचा हात धरला नव्हता. त्या मुलीनं काय विचारलं, ती दमली होती का, खूश होती का, मला काही माहीत नव्हतं. दादांनाही नव्हतं. त्या बाईला ते या ओट्यावर बसून एक सकाळ देऊन गेले होते, आणि तिनं ती एवढी वर्षं सांभाळली होती. ती मी पाच मिनिटांत काढून घ्यायला आले होते, माझं मन हलकं करायला.

"दादांनीच धरला होता," मी म्हणाले. "आठवलं मला. तिसऱ्या उसाशापाशी ते मागे आले होते. ती दमली होती म्हणून. चौथ्यापर्यंत दोघं बरोबर होते, मी त्यांच्या पुढे झाले होते."

"आन पान्याचं?"

"तेही विचारलं तिनं. मी ऐकलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मला सांगता येणार नाही. तीस वर्षं मी मुलांची खोटी तोंडं ओळखत आले आहे, त्यांना माझं ओळखता आलं नसेल असं नाही.

"कंचा हात?" त्यांनी विचारलं.

"डावा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. सूप पुढे ओढलं आणि त्यातल्या मूठभर शेंगा माझ्यासमोर सरकवल्या. मग आम्ही दोघी, सून चहा घेऊन येईपर्यंत, शेंगा फोडत बसलो.